कोण डोकावून गेलं बुवा?

डीपी बदलला. लाइक्स धडाधड आले. पण ज्या एका व्यक्तीसाठी एवढा खटाटोप केला, तिचा लाइक काही येईना! मग तिने फोटो पाहिला तरी का? पाहूनही गप्प बसली का? या एका प्रश्नावर जगभर किती मोठा बाजार भरतो, माहीत आहे का?

आधी वाईट बातमी. फेसबुकवर आपलं प्रोफाइल कोण बघून गेलं, हे कळत नाही. फेसबुकच्याच हेल्प सेंटरमध्ये तसं स्वच्छ लिहिलंय. बाहेरचं कुठलंही ॲप ते दाखवू शकत नाही, हेही लिहिलंय. फेसबुकला स्वतःला अर्थातच सगळं ठाऊक! झाकली मूठ सव्वालाखाची, दुसरं काय?

आता चाळिशीतल्या मंडळींनी हात वर करा. ऑर्कुट आठवतंय? गूगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की इंजिनीअरच्या नावाने २००४ मध्ये सुरू झालेली साइट. स्क्रॅप, टेस्टिमोनियल आणि सगळ्यात झणझणीत मसाला म्हणजे पाहुण्यांची यादी! कोण डोकावलं, त्यांची नावं थेट पानावर. आपलं नाव लपवायचं? खुशाल लपवा. पण मग तुम्हालाही कुणाची नावं दिसणार नाहीत. फिट्टंफाट! एवढा चोख न्याय त्यानंतर सोशल मीडियावर क्वचितच पाहायला मिळाला. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं आणि कित्येकांच्या चोरट्या चकरांचा पुरावाही त्याच्यासोबत गेला.

तोच न्याय आज तुमच्या खिशात आहे, माहीत आहे का? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘रीड रिसीट्स’ बंद करा. मावशीचं स्टेटस गुपचूप बघता येईल, तिच्या यादीत तुमचं नाव येणार नाही. पण तुमचं स्टेटस कोणी पाहिलं, हेही तुम्हाला कळणार नाही. थोडक्यात, स्टेटस गेलं!

लिंक्डइनचा खाक्या वेगळा. तिथे कोण येऊन गेलं हे दिसतं, पण फुकट खात्यावर जेमतेम चार-पाच नावं. पुढची यादी हवी? प्रीमियम घ्या. तुम्हाला लपून बघायचंय? प्रायव्हेट मोड आहे की! फुकटातले असाल तर मोड लावल्यावर आपल्या पाहुण्यांची यादी गुल. प्रीमियमवाल्यांना मात्र लपताही येतं आणि यादीही मिळते. गंमत पुढेच आहे. प्रायव्हेट मोडमध्ये आलेल्या माणसाचं नाव प्रीमियमवाल्यालाही दिसत नाही. म्हणजे पैसे मोजून यादी उघडायची आणि सगळ्यात उत्सुकता असलेल्या ओळीवर नुसतंच ‘लिंक्डइन मेंबर’! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे मांजराने दूधवाल्याचेच डोळे मिटलेत.

रशियात तर हा धंदा फारच पुढे गेला. ‘ओद्नोक्लास्निकी’ ही २००६ ची साइट, जुन्या शाळासोबत्यांना शोधण्यासाठीची. (जुने शाळासोबती म्हणजे नेमके कोण, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.) तिथे ‘पाहुणे’ नावाचा विभाग आहे आणि पैसे भरून घ्यायची ‘अदृश्य’ सेवाही. मिस्टर इंडियाचं घड्याळ, भाड्याने!

आपल्याकडच्या कित्येक फोनमधल्या ट्रूकॉलरचंही तसंच. स्टॉकहोममध्ये २००९ साली जन्मलेली ही स्वीडिश कंपनी, पण तिची सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत. पैसे भरले की तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं ते कळतं, शिवाय गुपचूप बघायचा इनकॉग्निटो मोडही मिळतो. बघणारा आणि बघितला जाणारा, दोघंही गिऱ्हाईक!

पण शिष्टाचाराचा कळस बघायचा तर जपानला जा. तिथली ‘मिक्सी’ ही सोशल साइट २००४ ची. त्यात ‘आशिआतो’, म्हणजे पाऊलखुणा: कोण आलं आणि किती वाजता आलं. आता झाली ना पंचाईत! कुणाची डायरी वाचलीत आणि कॉमेंट न करता सटकलात तर तुम्ही उद्धट. म्हणून लोक वाचायचे, लिहायचे, मग समोरचा यायचा, त्याला उत्तर द्यायचं... या दमछाकीला जपान्यांनी चक्क ‘मिक्सीचा थकवा’ असं नाव दिलं. जून २०११ मध्ये कंपनीने त्या क्षणोक्षणीच्या पाऊलखुणा काढून टाकल्या. लोक खूश झाले? छे! ‘आमच्या पाऊलखुणा परत द्या’ म्हणून सह्यांची मोहीम निघाली आणि २०१३ मध्ये कंपनीला त्या परत आणाव्या लागल्या. थकले होते, पण बघायचं होतंच!

त्याआधीही जपानी वेबसाइटवर ‘तुम्ही अमुकावे पाहुणे’ सांगणारे काउंटर असायचे. तुम्ही बरोबर १०,००० वे निघालात, तर मालकाला तसं कळवून जायचं, असा अलिखित नियम. न कळवता पळालात तर मालक रुसायचा. आपल्याकडे लग्नात आहेर न देता जेवून जाणाऱ्याकडे असंच बघतात.

आता जरा सावध! ‘तुमचं प्रोफाइल कोण बघतं ते पाहा’ म्हणणारी ॲप्स करतात काय, माहीत आहे का? नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘इन्स्टाएजंट’ नावाचं ॲप धुमाकूळ घालत होतं. ब्रिटन आणि कॅनडात फुकट ॲप्समध्ये थेट अव्वल. इन्स्टाग्रामचा पासवर्ड टाका, चाहते बघा! मग एका जर्मन डेव्हलपरने ते उघडून पाहिलं, तर लोकांची युजरनेम आणि पासवर्ड गुपचूप एका भलत्याच सर्व्हरकडे रवाना होत होते. ॲपल आणि गूगल दोघांनीही ते ॲप हाकललं. चोर कोण ते बघायला गेलेल्यांनी घराची किल्लीच चोराच्या हातात दिली होती.

‘एकट्याने परवानगी दिली तर काय बिघडतं?’ असं वाटतंय? केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातला भारताचा आकडा ऐका. फेसबुकवरून लोकांची माहिती गोळा करणारी त्यातली प्रश्नमंजूषा भारतात सोडवली अवघ्या ३३५ जणांनी. आणि फेसबुकच्याच २०१८ च्या हिशेबाप्रमाणे झळ पोचली असू शकते अशांची संख्या ५,६२,४५५. बाकीचे सगळे या ३३५ जणांच्या मित्रयाद्यांतून आलेले!

कॉम्प्युटरवर फेसबुक उघडून डेव्हलपर कन्सोलमध्ये शिरा, लाल अक्षरांत पाटी दिसेल: थांबा! कोणी सांगितलं म्हणून इथे काहीबाही पेस्ट करू नका, ही फसवणूक आहे. ‘स्टॉकर दाखवणारा कोड’ चिकटवून आपलंच खातं घालवणारे इतके झाले, की पाटीच लावावी लागली.

आणखी एक अफवा. एके काळी लोक फेसबुक पानाचा सोर्स कोड उघडून त्यातले आकडे शोधायचे. त्या यादीत वरचा तो तुमचा सगळ्यात मोठा स्टॉकर म्हणे! प्रत्यक्षात ती निघाली चॅटच्या खिडकीत मित्र कोणत्या क्रमाने दाखवायचे, त्याची यादी. किती जण उगाच लाजले असतील!

नुसतं प्रोफाइल बघण्याचाही फटका बसू शकतो, माहीत आहे का? ऑक्टोबर २००५, मायस्पेस ही सोशल साइट. सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या पोराने आपल्या पानात एक कोड दडवला. पान उघडलं की सॅमी आपोआप तुमचा मित्र, तुमच्या पानावर ‘सॅमी माझा हिरो’ असा शिक्का, आणि तुमचं पान उघडणाऱ्यालाही तीच लागण. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त बळी! मायस्पेसला दुकान तात्पुरतं बंद करावं लागलं. पुढे कोर्टाने हिरोचं इंटरनेट काढून घेतलं.

हसण्यापलीकडचंही एक सांगून टाकते. कुतूहलाने डोकावणं वेगळं आणि पाळत वेगळी. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा भारतात गुन्हा आहे. २०१३ पासून तो कायद्यात आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत.

आणि सगळ्यात महागात पडतं ते स्वतःलाच शोधणं. २८ एप्रिल २०११. ब्रिटनमधले राजकारणी एड बॉल्स ट्विटरवर आपलंच नाव शोधायला गेले. नाव टाइप केलं, पण सर्चच्या नव्हे, ट्वीटच्या चौकटीत! जगाला ट्वीट दिसलं: ‘एड बॉल्स’. बास, एवढंच. तेव्हापासून दर २८ एप्रिलला नेटकरी मोठ्या उत्साहाने ‘एड बॉल्स दिवस’ साजरा करतात.