पहिले २०० किलोमीटर

रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला ‘बीआरएम’चं नाव कधी ना कधी ऐकू येतंच. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणारी ही २०० किलोमीटरची राइड साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. ही शर्यत नाही. पहिला आणि शेवटचा, दोघांनाही सारखाच मान. मात्र हेल्मेट हवंच आणि अंधारात दिवे व चमकणारं जॅकेटही.

नवखा चुकतो तो पहिल्या तासात. गटाचा जोश अंगात येतो, कात्रजच्या चढावर तो जुन्याजाणत्यांच्या मागे जोर लावतो आणि पुढे खंबाटकी घाटात पाय जड होतात. कारण साधं आहे. स्नायूंतला साखरेचा साठा जोरदार श्रमात दीड-दोन तासांतच बराच रिकामा होतो. म्हणून भूक लागण्याआधी खायचं: केळं, चिक्की, खजूर, थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने. घोटभर पाणीही तसंच.

गटाचा खरा फायदा वाऱ्यात कळतो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. पण चाकाला चाक भिडवणं नवख्याचं काम नव्हे. एक अचानक ब्रेक, आणि चौघं रस्त्यावर! पुढच्याने हाताने खड्डा दाखवला, तर तो इशारा मागे पोचवायलाच हवा.

पहिल्या राइडआधी शंभर किलोमीटर एकदा तरी चालवून पाहा आणि पंक्चर काढायला घरीच शिका.