छाटणीआधी झाड वाचा

मे महिना उजाडला की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत घाई सुरू होते: पावसाआधी झाडं छाटून घ्या! दारावर आलेला कोयतेवाला तासाभरात गुलमोहराचा शेंडा उडवून मोकळा होतो. झाड मात्र तिथूनच खचू लागतं. त्या जागी फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची. पुढे वादळात तेच आधी मोडतात.

जाणकार वृक्षतज्ज्ञ आधी झाडाभोवती फिरतो. बुंध्यावर अळंबी आहे का, मुळाशी माती उचलली गेलीय का, काँक्रीटनं खोड आवळलंय का, हे बघतो. जड फांदी तो तीन कापांत उतरवतो. खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून. फांदी कोसळते, पण साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी, बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. हे कडंच झाडाची ढाल. अमेरिकी वनसंशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवून दिलं, की झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, तो आतल्या आत कोंडून टाकतं. म्हणून जखमेवर डांबर फासू नये.

आणि झाड तोडायचंच असेल तर? महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५च्या कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीविना तोडता येत नाही. अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करावा लागतो. काम देताना दोर, हेल्मेट आणि मजुरांचा विमा आहे का, हे स्पष्ट विचारावं.