टोनआर्म हवेवर, दोष जमिनीवर

रेकॉर्ड कापणारं यंत्र तबकडीच्या त्रिज्येवरून सरळ आत सरकतं. ऐकताना मात्र नेहमीचा टोनआर्म एका टोकाला खिळलेला असतो आणि कंसात फिरतो, त्यामुळे सुई खाचेला सगळीकडे नेमकी स्पर्शरेषेत राहत नाही. लोफग्रेन या संशोधकाने १९३८ मध्ये मांडलेल्या गणितामुळे ही चूक बरीच कमी झाली आणि पूर्ण बाजूत दोन ठिकाणी ती शून्यावर आली. संपली मात्र नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे आर्म सरळ दांड्यावरून, दाबाच्या हवेच्या पातळ थरावर सरकवायचा. अमेरिकेतल्या एमिनंट टेक्नॉलॉजीचा ईटी-२ किंवा स्लोव्हेनियातल्या कुझमाचा एअर लाइन हे अशा आर्मचे नावाजलेले नमुने.

असा आर्म पुण्याच्या वाघोलीतल्या फ्लॅटमध्ये बसवायचा असेल, तर सल्ला जवळच मिळू शकतो. सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत मोजमापासाठी सीएमएम यंत्रं असतात आणि त्यांचे भाग ग्रॅनाइटवर हवेच्याच बेअरिंगवर सरकतात. ती चालवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बेअरिंग सहसा बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या भोवतालचं. टोनआर्मबद्दलचे बहुतेक गैरसमज याच जागी होतात.

गैरसमज: घर्षणच नाही, म्हणजे मांडणीत थोडं इकडेतिकडे चालतं.

वस्तुस्थिती: घर्षण नाही म्हणूनच चालत नाही. सरकणाऱ्या भागाचं वजन ३० ग्रॅम धरा. दांडा १ अंशाने कलला, तर उताराच्या दिशेने सुमारे अर्ध्या ग्रॅमचा जोर लागतो आणि तो सगळा सुईच्या नाजूक दांडीवर येतो. सुईवरचा भारच मुळात दीड-दोन ग्रॅम असतो. म्हणून लेव्हल दोनदा पाहावी लागते, आधी तबकडीची आणि मग आर्मच्या दांड्याची. तबकडी लेव्हलमध्ये आहे म्हणजे दांडाही आहे, असं नसतं. दोन्ही समांतर नसतील तर बाहेरच्या खाचेवर आर्मची उंची एक आणि आतल्या खाचेवर दुसरीच होते.

गैरसमज: सरळ रेषेत चालतो, म्हणजे ट्रॅकिंगची चूक शून्य.

वस्तुस्थिती: सुईचा मार्ग तबकडीच्या बरोबर मध्यातून जात असेल तरच. तो १ मिलिमीटरने बाजूला पडला, तर केंद्रापासून ६० मिलिमीटरवरच्या आतल्या खाचेत जवळपास १ अंशाची चूक होते आणि १४६ मिलिमीटरवरच्या बाहेरच्या खाचेत ती साधारण ०.४ अंश असते. सुई बाहेर, मध्ये आणि आत अशा तिन्ही ठिकाणी त्रिज्येच्या रेघेवर बसते का, हे पट्टी ठेवून पाहायचं. एका ठिकाणी जुळलं म्हणून स्क्रू आवळू नये. तिरका कोन नसल्याने अँटिस्केटिंग मात्र खरोखरच लागत नाही.

गैरसमज: सुई उडते किंवा अडते, म्हणजे भार वाढवा.

वस्तुस्थिती: आधी तारा पाहा. भरगच्च बाजू वाजताना सुई मिनिटाला जेमतेम ४ मिलिमीटर आत जाते. इतक्या संथ चालीत कार्ट्रिजच्या बारीक तारांचा ताणही पुरेसा अडवतो. काही रचनांत हवेची नळीही आर्मसोबत ओढली जाते. तपासणी सोपी आहे. सुईवर झाकण लावा, हवा सुरू करा, मागचं वजन असं ठेवा की आर्म आडवा तरंगेल, आणि मग तो वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन सोडा. प्रत्येक ठिकाणाहून एकाच बाजूला घसरला, तर लेव्हल चुकली आहे. डावीकडून सोडा की उजवीकडून, तो एकाच जागी परतत असेल तर तारेचा स्प्रिंग झाला आहे. तारेला सैल वळण द्या.

गैरसमज: पंप कुठलाही चालतो, दाब जितका जास्त तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: दाब रचनेनुसार ठरतो. ईटी-२ सुरुवातीला सुमारे ३ पीएसआयवर चालत असे, कुझमाचा आर्म सुमारे ६५ पीएसआयवर चालतो. एकाचा पंप दुसऱ्याला लावून उपयोग नाही. पंप तेलविरहित असावा आणि त्याचे ठोके आर्मपर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये हवेची टाकी हवी.

गैरसमज: पावसाळ्यात आर्म अडखळायला लागला, म्हणजे बेअरिंग झिजलं.

वस्तुस्थिती: हवा सुरू असताना धातू धातूला टेकतच नाही, मग झिजेल कसं? बहुतेक वेळा कारण पाणी असतं. पुण्यात श्रावणात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते. ती हवा नुसती ३ पीएसआयने दाबली आणि खोलीच्या तापमानाला आली, तरी आर्द्रता १०० टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे पाणी सुटणारच. दाब ६५ पीएसआय असेल तर बरीचशी वाफ पाणी होऊन टाकीत उतरते. वॉटर ट्रॅप, ड्रायर आणि फिल्टर ही म्हणूनच चैन नाही, आणि टाकी नियमित रिकामी करावी लागते.

दुसरं कारण धूळ. २०२१ मध्ये महापालिकेत आलेली वाघोली खडीच्या खाणी आणि क्रशरसाठी त्याआधीपासून ओळखीची आहे. आता त्यात बांधकामांची भर पडली आहे. पंप गॅलरीत ठेवला तर तो हीच धूळ ओढतो. पंप घरातच ठेवा, फिल्टर बदलत राहा, दांडा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि हवेच्या छिद्रांत सुई किंवा टाचणी घालू नका.

झीज होते ती हवा बंद असताना आर्म ओढला तर. बाजू सुरू असताना लाईट गेली, तर टाकीतली हवा संपण्याआधी आर्म उचलून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर पंप आणि मोटर दोन्ही त्यावर घ्या. एकट्या मोटरला वीज दिली तर तबकडी फिरत राहते आणि आर्म जागीच बसतो.

गैरसमज: कार्ट्रिज कुठलंही लावा.

वस्तुस्थिती: आडव्या दिशेने या आर्मचं सगळं वजन सुईला ढकलावं लागतं. हे वजन ४० ग्रॅम असेल आणि कार्ट्रिजची लवचीकता ३० एकक (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) असेल, तर नैसर्गिक कंपन साडेचार हर्ट्झवर येतं आणि पावलांच्या हादऱ्यानेही आर्म डोलतो. लवचीकता १० असेल तर ते ८ हर्ट्झपर्यंत जातं. ८ ते १२ हा पट्टा चांगला मानतात. ईटी-२ मध्ये मागचं वजन पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर बसवलं आहे ते याचसाठी.

जुन्या बाजारातून आणलेल्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना हा आर्म सहसा मानवत नाही. भोक मध्यात नसेल तर आर्म प्रत्येक फेरीला आत-बाहेर हलतो आणि तेवढ्याच चुकीला ७८ फेऱ्यांवर लागणारा जोर ३३⅓ फेऱ्यांच्या साडेपाच पट असतो. त्यांच्यासाठी जाड सुईचा साधा आर्म बरा.

बिघाड शोधताना क्रम ठरलेला ठेवा: लेव्हल, तार, हवेचा दाब आणि पाणी, धूळ, कार्ट्रिज. हे सगळं निर्दोष निघालं तरच बेअरिंग खोलायचा विचार करा, आणि तेव्हाही कंपनीची पुस्तिका समोर असू द्या.