रूपक सहाचा की साताचा?

येलहंक्यातील एखाद्या मराठी घरात तबला शिकणाऱ्या मुलासमोर ‘रूपक’ म्हटले, की त्याच्या मनात सात मात्रा उभ्या राहतात. शेजारच्या घरात कर्नाटक गायन शिकणारी मुलगी तोच शब्द ऐकून सहा अक्षरे मोजते. नाव एक, हिशेब दोन. आणि प्रत्येकाला आपले मोजणे इतके स्वाभाविक वाटते, की समोरचा चुकला असेच प्रथम मनात येते.

बंगळूरच्या उत्तरेस असलेले हे गाव केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. आज तेथे विमानदलाचा तळ आणि रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे. बदलीच्या नोकऱ्यांमुळे दूरदूरची कुटुंबे एकमेकांच्या शेजाराला येतात. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूर मिळाले, तेव्हापासून मराठीही या मुलखाला परकी नाही. पण भाषा उमजली म्हणून ताल उमजतोच असे नाही.

चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवीत आली आहे. पुण्या-सांगलीकडचा श्रोता अशा मैफलीत प्रथमच बसला, की बावरतो. मृदंग उत्तम वाजत असतो, पण ठेका काही सापडत नाही. हिंदुस्थानी मैफलीत तबलजी ठेक्याने तालाचे चक्र सतत ऐकवीत असतो. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमार मावळतो आणि त्यावरून कानाला समेची वाट कळते. कर्नाटक पद्धतीत असा कायमचा ठेका नाही. तालाचे माप टाळी, बोटे आणि उलटा हात यांनी ठेवायचे. मृदंग कृतीच्या चालीला अनुसरतो. आदितालाची आठ अक्षरे गायकाच्या मांडीवर पडतात, आणि श्रोत्यांतील कित्येकांच्या मांड्यांवरही! शिवाय पुष्कळ कृती समेवर सुरूच होत नाहीत. सम निघून जाते आणि शब्द मागून येतो. मुखडा समेवर उतरला म्हणजे मान डोलवायची, ही ज्याची सवय, त्याला वाटते गवई चुकला. उलट, विलंबित एकतालाच्या संथ मात्रांत कर्नाटकी रसिकाचा हात अधांतरी राहतो.

हे कशाने होते? एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधिकांनी २००५ साली बाल्कन प्रदेशातील विषम ताल उत्तर अमेरिकेतील श्रोत्यांना ऐकविले. मुद्दाम केलेला बिघाड तेथील प्रौढांना सरळ तालात ओळखता आला, विषम तालात नाही. बल्गेरिया-मॅसिडोनियाच्या लोकांना दोन्हींत आला. सहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांनाही दोन्हींत आला! वर्षाच्या बाळाचा कान मात्र घरच्या संगीताकडे झुकलेला आढळला. दोन आठवडे ते परके संगीत घरी वाजविताच तो पुन्हा खुला झाला. प्रौढांना तेवढ्या सहवासाने तेवढे साधले नाही.

मराठी कानाला विषम मात्रांचे भय नाही. रूपक आणि झपताल त्याच्या घरचेच. शेजारणीचाही सातांचा ताल आहे, त्याला ती मिश्रचापू म्हणते. अडते ते ताल कोठे शोधायचा यापाशी.

मैफलीच्या अखेरीस कर्नाटक गायक पुष्कळदा अभंग घेतात. तंजावरास १६७६ ते १८५५ मराठी राज्य होते. तेथे रुजलेल्या कीर्तनातून साकी, दिंडी, ओवी दक्षिणेच्या हरिकथेत शिरल्या. अभंगाला मृदंग भजनी वळण घेतो, आणि इतका वेळ बावरलेल्या पाहुण्याची टाळी बिनचूक पडू लागते. दोन्ही संगीतांच्या शेजारात वाढलेल्या मुलाला अभंगापर्यंत थांबावे लागत नाही. रूपक कितीचा, असे त्याला विचारावे, तर तेच उलट विचारते: तबल्याचा की मृदंगाचा?