चित्रकथानिर्मितीद्वारे विद्यार्थ्यांच्या लेखनकौशल्याचा विकास

प्रस्तावना :
श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार भाषिक कौशल्यांपैकी लेखन हे सर्वांत उशिरा आत्मसात होणारे कौशल्य होय. शाळेत निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला जातो आणि अनेक विद्यार्थी मार्गदर्शकातील वाक्ये उतरवून काढतात. लेखनापूर्वीचा विचार दुर्लक्षितच राहतो. विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेली चित्रकथा (कॉमिक्स) ही उणीव भरून काढू शकते.

पार्श्वभूमी :
अमेरिकेत मायकेल बिट्झ यांच्या 'कॉमिक बुक प्रोजेक्ट' या उपक्रमांतर्गत २००२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील मुलांनी शाळेनंतरच्या वर्गांत स्वतःच्या चित्रकथा लिहिल्या व रेखाटल्या. भारतात 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने चार चौकटींच्या भित्तिचित्रकथेचे तंत्र सामान्य लोकांपर्यंत नेले. मराठी वाचकांना तर १९९१ पासून 'चिंटू'मुळे हा आकृतिबंध परिचित आहे.

चित्रकथा आणि लेखनप्रक्रिया :
चित्रकथेत चौकट, संवादफुगा व निवेदनपट्टी हे तीन प्रमुख घटक असतात. चित्रात पात्र घाबरलेले दिसत असल्यास 'तो घाबरला' असे लिहिण्याची गरज नसते. परंतु 'दुसऱ्या दिवशी' हे शब्दांतूनच सांगावे लागते. काय लिहावे व काय गाळावे, हा निर्णय विद्यार्थ्याला प्रत्येक चौकटीत घ्यावा लागतो. फुग्यातील मर्यादित जागेमुळे संक्षेपाची सवय लागते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे भाषेची. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाची भाषा वहीत 'अशुद्ध' ठरते व ते लिहिणेच टाळते. संवादफुग्यात मात्र तीच बोली पात्राची स्वाभाविक भाषा ठरते, तर निवेदनपट्टीत प्रमाणभाषेचा सराव होतो. दोन्ही भाषारूपांचे औचित्य मुलाला व्याकरणाच्या व्याख्येविना उमगते.

कार्यपद्धती :
प्रथम कथेचा आशय दोन-तीन वाक्यांत लिहून घ्यावा. नंतर आरंभ, अडचण, कलाटणी व शेवट अशा चार चौकटी आखून पेन्सिलीने कच्चा आराखडा करावा. सहाध्यायांनी वाचून शंका विचाराव्यात व त्यानुसार पुनर्लेखन व्हावे. अखेरीस तीच कथा चित्रांविना परिच्छेदरूपात लिहावी. या टप्प्यावर प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर होते आणि चित्राने सांगितलेले शब्दांत आणावे लागते. हा टप्पा वगळल्यास उपक्रम चित्रकलेपुरताच उरण्याचा धोका असतो. मूल्यमापनही चित्राच्या सुबकतेवर नव्हे, तर कथेच्या सुसंगतीवर व्हावे.

निष्कर्ष :
चित्रकथा हा लेखनाला पर्याय नसून लेखनाकडे नेणारा मार्ग आहे. कोरा कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांवर तो ग्रामीण शाळेतही शक्य आहे. अध्यापक महाविद्यालयांनी छात्राध्यापकांच्या सरावपाठांत त्याचा समावेश केल्यास, सांगण्यासारखे पुष्कळ असूनही वही कोरी ठेवणाऱ्या मुलांना लिहिते करता येईल.