गोल्डन सन : लढाई संपल्यावरही उरणारी विद्या

कोलिमा गावात शिरलं की बोलायला कुणी भेटत नाही. घरं आहेत, पायवाटा आहेत, आणि माणसं असायची तिथे झाडं उभी आहेत. जंगलावर कुऱ्हाड चालली म्हणून ट्रेट नावाच्या वृक्षाचा कोप झाला आणि त्याच्या शापाने गावकऱ्यांची झाडं झाली. खेळाडूच्या सोबत्यांमध्ये आयव्हन हा दुसऱ्याच्या मनातलं वाचणारा मुलगा असतो. एखाद्या झाडासमोर थांबून त्याची विद्या वापरली, की खोडाआड अडकलेल्या माणसाचे विचार पडद्यावर उमटतात. शत्रूला हरवायला याचा काडीचा उपयोग नाही. तरी ते वाचल्यावाचून पुढे जाववत नाही, आणि ‘गोल्डन सन’ या खेळाचं मोल नेमकं तिथे आहे.

कॅमलॉट या जपानी कंपनीने घडवलेला आणि निन्टेंडोने प्रकाशित केलेला हा खेळ 1 ऑगस्ट 2001 रोजी जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत. हातात मावणाऱ्या यंत्रावरच्या आरपीजीला, म्हणजे पात्राची भूमिका निभावण्याच्या खेळाला, तेव्हा बारा वर्षं होत आली होती. स्क्वेअरचा ‘सागा’ 1989 मध्ये पहिल्या गेम बॉयवर आला आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. 1996 मध्ये जपानात आलेल्या ‘पोकेमॉन’ने तर पुढे साऱ्या जगाला वेड लावलं. पण भव्य, कथाप्रधान आरपीजी म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राची मिरास, हा समज कायम होता. कॅमलॉटचे हिरोयुकी आणि शुगो ताकाहाशी हे बंधू पूर्वी सेगासाठी ‘शायनिंग’ मालिका करत. मोठ्या पडद्यावरचा अनुभव घेऊनच ते 240 बाय 160 ठिपक्यांच्या या छोट्या पडद्याकडे वळले.

कथेची सुरुवात ओळखीची आहे. आलेफ पर्वताच्या पायथ्याशी वेल नावाचं गाव, वादळी रात्र, वरून गडगडत येणारी प्रचंड शिळा आणि तिने उद्ध्वस्त केलेली घरं. तीन वर्षांनी आयझॅक आणि गॅरेट हे दोन मित्र पर्वतातल्या सोल मंदिरात शिरतात, सॅटुरोस आणि मेनार्डी हे दोन प्रतिस्पर्धी तिथली पंचमहाभूतांची नव्हे, चारच तत्त्वांची रत्नं पळवायला बघतात, आणि पाठलाग सुरू होतो. पृथ्वी, अग्नी, वायू आणि जल ही ती चार तत्त्वं. युरोपातल्या किमयागारांच्या परंपरेतली मूळ तत्त्वंही हीच चार, आणि खेळाचा सगळा हिशेब त्याच परंपरेचा आहे.

इतर आरपीजीत जादू ही लढाईची वस्तू. लढाई संपली की ती यादीत जाऊन बसते. इथल्या विद्येला ‘सायनर्जी’ म्हणतात आणि ती चालत्या वाटेवर वापरायची असते. अदृश्य हाताने खांब सरकवायचा, वाऱ्याच्या झोताने वेल उडवून गुहेचं तोंड मोकळं करायचं, रोपट्याला वाढवून त्याच्या आधाराने कडा चढायचा, डबक्यातल्या पाण्याचा बर्फाचा खांब करून त्याच्यावरून पलीकडे जायचं. लामाकान वाळवंटात उष्म्याने जीव जाऊ लागतो, तेव्हा लपलेलं दाखवणाऱ्या विद्येने वाळूतले पाणवठे हुडकावे लागतात. टोल्बीच्या कोलोसो स्पर्धेत आयझॅक एकटा धावतो, आणि प्रेक्षकांत बसलेले त्याचे मित्र गुपचूप त्याच्या वाटेतले अडथळे दूर करतात. कुणाला कुठे बसवायचं हे खेळाडूनेच ठरवायचं. ज्या शक्तीने राक्षस पाडले तिनेच दगड हलतो, त्यामुळे ही मुलं खरोखर त्या जगात राहतात असं वाटतं.

लढाईची खरी करामत ‘जिन’ या चिमुकल्या जीवांत आहे. पहिल्या भागात ते 28 आहेत, प्रत्येक तत्त्वाचे सात. जिन अंगावर धारण केला की ताकद वाढते, आणि वेगवेगळ्या तत्त्वांचे मिसळले तर पात्राचा वर्ग आणि विद्या दोन्ही बदलतात. तोच जिन लढाईत सोडला तर त्याचा स्वतःचा परिणाम घडतो, पण धारण केल्याचा लाभ जातो. सोडलेले जिन एकत्र करून देवतेला आवाहन करता येतं. एका जिनात छोटी देवता, चारांत थॉर किंवा बोरियाससारखी प्रचंड शक्ती. नंतर ते परत यायला वेळ लागतो आणि तोवर खेळाडू दुबळा राहतो. आता बळ हवं की क्षणभर थांबायचं, हा निर्णय प्रत्येक फेरीत घ्यावा लागतो.

देखणेपणात तर त्या यंत्रावर याच्या तोडीचे खेळ मोजकेच. लढाईत कॅमेरा फिरतो असा भास होतो, आवाहन केलेल्या देवता पडदा भरून टाकतात. संगीतकार मोतोई साकुराबा मूळचे प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदातले. गेम बॉय ॲडव्हान्सच्या तुटपुंज्या ध्वनिव्यवस्थेतूनही त्यांनी धडधडतं, भरगच्च संगीत काढलं. यंत्राच्या पडद्याला मात्र स्वतःचा प्रकाश नव्हता, त्यामुळे हे वैभव खिडकीशी बसूनच नीट दिसे.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. पात्रं फार बोलतात. एकच गोष्ट तीनदा सांगितली जाते, डोक्यावर भावचिन्हं उडत राहतात, आणि ‘हो’ की ‘नाही’ असं विचारलं तरी उत्तराने सहसा काहीच बदलत नाही. लढाया बऱ्याचदा सोप्या आहेत. सगळे जिन सोडून ठेवले आणि आल्या आल्या आवाहनांचा मारा केला, तर बडे शत्रूही कोसळतात, म्हणजे जी व्यवस्था विचार करायला लावते तीच आळसालाही वाट देते. ठरवलेला शत्रू आधीच मेला, तर पुढचं पात्र दुसऱ्यावर न वळता नुसतं बचाव करत उभं राहतं. हे वास्तववादी असेलही, खेळताना ते त्रासदायकच ठरतं.

सर्वांत मोठी तक्रार शेवटाची, कारण शेवट नाहीच. त्या रत्नांनी पेटवायच्या चार दीपगृहांपैकी दोन पेटतात आणि पडदा पडतो. उरलेली कथा 2002 च्या ‘द लॉस्ट एज’मध्ये आहे, आणि तिथे कॅमलॉटने धाडस केलं. आता खेळाडू फेलिक्स होतो, म्हणजे ज्याचा पहिल्या भागात पाठलाग केला त्याच बाजूचा. दीपगृहं पेटू न देणं हे आयझॅकचं कर्तव्य होतं. पण किमयाविद्येवाचून हे सपाट जग कडेकडेने ढासळत चाललंय हे कळतं, आणि तीच दीपगृहं पेटवणं फेलिक्सचं काम ठरतं. पहिल्या भागातल्या विजयाकडे मागे वळून पाहायला लावणारे दुसरे भाग विरळा.

या जगाचा नकाशा पृथ्वीच्या नकाशावर बेतलेला आहे. एका खंडाचं नाव गोंडोवान, आणि भूशास्त्रातलं गोंडवन हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलं. दुसऱ्याचं नाव इंद्र, त्यावर मद्रा नावाचं शहर आणि ‘देहकान’ नावाचं पठार. दख्खनच्या वाचकाला ते ओळखायला वेळ लागू नये.

पहिल्या भागातली कमाई दुसऱ्यात न्यायची तर दोन यंत्रं तारेने जोडायची किंवा सांकेतिक शब्द उतरवायचा. सगळ्यांत मोठा शब्द 260 अक्षरांचा, आणि एक अक्षर चुकलं तरी तो फुकट. जानेवारी 2024 पासून दोन्ही भाग निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन सेवेत आहेत. नव्याने खेळायला घेणाऱ्याने ते सलग खेळावेत, मध्ये खंड न पाडता, कारण मुळात ही एकच गोष्ट आहे. 2010 चा ‘डार्क डॉन’ त्यानंतर घेतला तरी चालेल. त्यात मात्र मागे परतण्याच्या वाटा जागोजागी बंद होतात आणि सुटलेले जिन कायमचे सुटतात.