लेण्याचं छत कशावर तोललंय?

माहूरच्या पांडवलेण्यात शिरलात की मूर्तींआधी छत बघा. दख्खनचा हा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. लेणं कोरताना कारागीर आधी छत तासत, मग खाली उतरत. उंच परांची बांधायची कटकटच नाही. अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या २४व्या लेण्यात हा क्रम उघड दिसतो. मधले खांब उभे केलेले नव्हेत, राखलेले. वरच्या डोंगराचा भार पेलायला ते मदत करतात. भूमिगत खाणीतही असेच खांब सोडतात. खरा धोका भेगांचा. लाव्हा निवताना आकसला, तडकला. त्या फटींतून पावसाचं पाणी झिरपतं आणि खडक सुटा होतो. त्यामुळे पावसाळ्यात ठिबकणाऱ्या भेगेखाली थांबू नका.